जयंतीचा शब्द कागदावर येऊ द्या

(मुखेड इथं बिरसा जयंतीच्या बैठकीत संघटनेच्या वतीनं केलेलं भाषण)



आज 15 नोव्हेंबर. 1875 साली याच दिवशी बिरसा मुंडा जन्मले. आपण फोटोला हार घातला, घोषणा दिल्या. बरं केलं. पण उद्या फॉरेस्टवाला बांधावर आला, तर त्याला हार दाखवून भागणार आहे का?

बिरसा म्हणाले, आपल्या मुलखात आपलं राज. 1900 साली ते तुरुंगातच गेले, वयाची पंचविशीही झाली नव्हती. पण लोकांनी त्यांचा शब्द सोडला नाही. 1908 साली इंग्रजांना छोटानागपूरचा कुळकायदा करावा लागला.

कोमराम भीम तर आपल्या शेजारचे. किनवटच्या पलीकडं, आसिफाबादच्या डोंगरातले गोंड. आपल्या वाडवडलांवर ज्या निजामाचं राज होतं, त्याच्याशीच ते लढले. जल, जंगल, जमीन ही घोषणा त्यांचीच म्हणून आपण देतो. 1940 साली जोडेघाटात त्यांना गोळी लागली. नंतर त्याच निजाम सरकारला गोंडांना जमिनीचे पट्टे द्यावे लागले.

बाबासाहेबांचं शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे तर गावोगाव भिंतीवर आहे. 1964 साली दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर भूमिहीनांनी तुरुंग भरले. 1991 साली गायरानावरची वहिती कायम करायचा सरकारी ठराव निघाला. त्यात कोणत्या तारखेआधीची वहिती धरली? 14 एप्रिल 1990! लोक लढले म्हणून जयंतीची तारीख जमिनीच्या कागदावर आली.

वनजमिनीची तारीख 13 डिसेंबर 2005. त्याआधीपासून कसणाऱ्या आदिवासीनं ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडं दावा टाकायचा. बिगरआदिवासी भावांना तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो. पुरावे निदान दोन लागतात. दंडाची पावती फेकू नका. तुम्हाला चोर ठरवायला फाडलेली ती पावतीच आज तुमची साक्षीदार आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा धरतात. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा आणि 60 दिवसांत वरच्या समितीकडं जा.

इथं आमचीही चूक सांगतो. एका वर्षी आम्ही जयंतीच्या मांडवासाठी दारोदार वर्गणी मागत फिरलो. ज्या आजीला गावची सगळी वहिती तोंडपाठ होती, तिच्या ओट्यावर दहा रुपये घेतले, पाणी प्यालो आणि पुढं गेलो. जबाब नंतर लिहू म्हणालो. पावसाळ्यात आजी गेली. तिच्यासंगं चार घरांचा पुरावा गेला.

म्हणून आजपासून एक ठरवू. बिरसा, भीम, बाबासाहेब, कुणाचीही जयंती असो, हार घालायच्या आधी तासभर बसायचं. पोरांनी वही घ्यायची, म्हाताऱ्यांनी सांगायचं, खाली अंगठा घ्यायचा. पेटीतले कागद बाहेर काढून ज्याचे त्याला वाचून दाखवायचे. मग खुशाल ढोल वाजवा, आम्हीही नाचू.

जोहार! जयभीम!