शेंगदाण्यातलं न दिसणारं विष

बुरशी दिसली की आपण शेंगदाणा फेकतो. पण तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष दिसत नाही, भाजूनही पुरतं जात नाही आणि यकृताचा कर्करोग घडवू शकतं. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात याच विषाचा, बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. म्हणून तपासणी प्रयोगशाळेबाहेर, आडतीपर्यंत यायलाच हवी. सोन्याच्या नॅनोकणांची पट्टी ते करू शकते. हे कण विषाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांना जोडलेले असतात. दाण्यांचा अर्क टाकल्यावर विष नसेल, तर कण चाचणीच्या जागी अडकून लाल रेघ उमटते. विष असेल, तर प्रतिपिंडं आधीच त्यात गुंततात आणि रेघ फिकटते किंवा उमटतच नाही. शेजारची दुसरी रेघ मात्र दिसलीच पाहिजे, नाहीतर पट्टी बाद.

आक्षेप असा, की विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. मोजके दाणेच विषारी निघतात. आक्षेप रास्त आहे, पण तो महागड्या यंत्रालाही लागू पडतो. पोत्याच्या वरून, मधून, तळातून दाणे काढून एकत्र दळले, तरच कुठलाही निकाल भरवशाचा. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला 4 मायक्रोग्रॅम आहे. काठावरच्या नमुन्याला प्रयोगशाळेचा दुजोरा लागेलच. पण संशयित पोती घाण्यावर जाण्याआधी बाजूला काढायला ही पट्टी पुरते.