आभासी जगातून माणसांच्या जगाकडे



रांगेत कोठे उभे राहावे, अनोळखी माणसाशी बोलण्यास आरंभ कसा करावा, कोणाच्या शेजारी बसण्यापूर्वी विचारावे की नाही, या गोष्टी बहुतेक मुलांना कोणी मुद्दाम शिकवीत नाही. पाहून पाहून ती त्या आत्मसात करतात. स्वमग्न मुलांच्या बाबतीत मात्र हे न शिकविता येणारे शिक्षणच अवघड होऊन बसते. चेहऱ्यावरील भाव, आवाजातील चढउतार आणि न बोललेले संकेत त्यांना सहज उमगत नाहीत. त्यातच गर्दी आणि गोंगाट यांचा त्यांना विलक्षण त्रास होतो.

अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या अवस्थेच्या शास्त्रीय अभ्यासाला चालना मिळाली. स्वमग्नता हा औषधाने बरा होणारा आजार नव्हे. ती मेंदूच्या विकासाची एक वेगळी घडण आहे. म्हणूनच शिक्षणाच्या योग्य पद्धतीला येथे विशेष महत्त्व आहे.

या शिक्षणासाठी संगणकनिर्मित आभासी वास्तवाचा उपयोग करता येईल का, याचा एक आरंभीचा प्रयोग अमेरिकेतील डोरोथी स्ट्रिकलंड यांनी केला व १९९६ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. दोन स्वमग्न मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राणासारखे यंत्र चढवून त्यांना रस्त्याचे एक साधे दृश्य दाखविण्यात आले. अशी मुले डोक्यावरील ओझे सहन करतील काय, हीच पहिली शंका होती. मुलांनी ते स्वीकारले, धावत्या मोटारींकडे मान वळवून पाहिले आणि त्यांचे रंगही सांगितले. खऱ्या रस्त्यावर चूक झाली तर जिवावर बेतते. आभासी रस्त्यावर तोच धडा पुन्हा गिरविता येतो. या पद्धतीचे मर्म नेमके येथेच आहे.

मोटारी ओळखणे वेगळे आणि माणसे ओळखणे वेगळे. त्या दिशेनेही काम झाले आहे. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील मेंदू-आरोग्य केंद्रातील संशोधकांनी ७ ते १६ वर्षे वयाच्या ३० मुलांना पाच आठवड्यांत दहा सत्रे दिली व त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध केले. संगणकाच्या पडद्यावर शाळेचा वर्ग, भोजनगृह, क्रीडांगण असे प्रसंग उभे केले जात. प्रत्येक मूल आपल्या प्रतिरूपाद्वारे त्यात वावरे आणि समोरच्या पात्रांमागे प्रशिक्षित माणसे बोलत असत. दुसऱ्याच्या भावना ओळखण्यात या मुलांची प्रगती दिसून आली. पडदा यंत्राचा असला, तरी संवाद माणसाचाच होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

तथापि खरा प्रश्न पुढेच आहे. पडद्यावर शिकलेले मूल प्रत्यक्ष व्यवहारात तसे वागेल काय? इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी सहा किशोरवयीन मुलांना आभासी उपाहारगृहात जागा कशी शोधावी, हे शिकविले. नंतर त्यांना खऱ्या उपाहारगृहाच्या आणि बसच्या चित्रफिती दाखवून कोठे बसाल व का, असे विचारण्यात आले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या उत्तरांत सुधारणा आढळली. परंतु चित्रफितीवर उत्तर देणे म्हणजे भरलेल्या बसमध्ये चढणे नव्हे.

न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी हे अंतर कमी करण्याचा प्रयत्न केला. चहूबाजूंनी दृश्ये दिसणाऱ्या एका खोलीत, शिरस्त्राणाविना, ७ ते १३ वर्षांच्या नऊ मुलांना त्यांना भय वाटणाऱ्या प्रसंगांना क्रमाक्रमाने सामोरे नेण्यात आले. कोणाला गर्दीच्या बसचे भय, तर कोणाला कबुतरांचे. सोबत मानसोपचारतज्ज्ञ असे. त्यानंतर पालकांच्या साहाय्याने तोच प्रसंग प्रत्यक्षात अनुभवावयाचा, अशी योजना होती. नऊपैकी आठ मुले त्या प्रसंगाला तोंड देऊ शकली, असे २०१४ साली जाहीर झाले.

हे सारे अभ्यास थोड्या मुलांवरील आहेत. त्यांवरून मोठी आश्वासने देणे योग्य होणार नाही. काही मुलांना यंत्राचे वजन, प्रकाश वा आवाज सोसत नाही, तर काहींना भोवळ येते. अशा वेळी सक्ती करू नये. यंत्र विकत घेतले की काम झाले, असेही नाही. त्यामागे जाणता शिक्षक आणि चिकाटीचे पालक हवेतच.

आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समाविष्ट झालेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा उल्लेख आहे. शिक्षणात आणि समाजात समान स्थान हा या मुलांचा अधिकार आहे. ते स्थान केवळ त्यांनी आपले रीतिरिवाज शिकल्याने मिळणार नाही. मुलाने आभासी बसमध्ये दहा वेळा चढण्याचा सराव केला आणि खऱ्या बसमध्ये त्याच्या अडखळण्यावर प्रवासी हसले, तर सारे श्रम वाया जातील. म्हणून मुलाला सराव द्यावयाचा, तसा थोडा धीर धरण्याचा सराव इतरांनीही करावयाचा आहे. त्यासाठी कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही.