तृप्ती स्मरणाची



मंडळी, आजचं निरूपण पोटाचं आहे. हसू नका. भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचा मार्ग सांगताना जेवणाचा विषय काढला आहे. अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असं अर्जुनाला सांगितलं. आता अति म्हणजे किती? दोन भाकरी की चार? देवानं आकडा दिला नाही. नांगर धरणाऱ्याचं पोट वेगळं, गादीवर बसणाऱ्याचं वेगळं. ज्याचं त्यानं ओळखायचं. आणि इथंच आपण फसतो.

पोट भरलं हे कळतं कसं? जठर ताणलं की नसांवाटे मेंदूला निरोप जातो. अन्न आतड्यात उतरलं की रक्तातून दुसरा निरोप निघतो. हे सगळं पोचायला साधारण 15-20 मिनिटं लागतात. आणि आपण जेवतो किती वेळात? दिंडी निघायची घाई, पाच मिनिटांत पान साफ! निरोप्या अजून वाटेतच आहे, आणि इकडं चौथी पोळी वाढून झाली. मग तो पोचतो, तेव्हा माणूस पोटावर हात फिरवत म्हणतो, ‘जरा जास्तच झालं.’

पण माउली, याहून खोल गोष्ट ऐका. अमेरिकेत 1998 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन रुग्ण होते. मेंदूच्या विकारामुळं त्यांना मिनिटाभरापूर्वीचं आठवत नसे. त्यांना पोटभर जेवण दिलं, ताट उचललं. थोड्या वेळानं पुन्हा ताट आणलं. ते पुन्हा जेवले! तिसरं ताट आणलं, तर बहुतेक वेळा तेही खायला सुरुवात केली. पोट तर भरलेलं होतं. मग कमी काय होतं? जेवल्याची आठवण! स्मरण नव्हतं, म्हणून तृप्ती नव्हती.

त्या बिचाऱ्यांचा तो आजार होता. आपल्याला काय झालंय? एका हातात घास, दुसऱ्या हातात मोबाईल. पोराच्या तोंडात घास कधी गेला ते पोराला कळत नाही, आणि आईलाही नाही. असं लक्ष नसताना जेवलेला माणूस पुढच्या वेळी जास्त खातो, हेही तपासून पाहिलं आहे. म्हणून आपल्या पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबतात, नाम घेतात, मग पहिला घास. तेवढ्यात मन पानावर येतं. नामानं अन्न पचतं असा चमत्कार मी सांगत नाही. मन ठिकाणावर आलं की पोटाचं बोलणं ऐकू येतं, एवढंच सांगतो.

पंगतीचा एक धोकाही आहे. ओळखीच्या माणसांत माणूस एकट्यापेक्षा जास्त जेवतो. त्यात वाढप्याचा आग्रह! माउली, आग्रह पहिल्या वाढीला करा. नंतर समोरच्यानं पानावर हात आडवा धरला, की तो हात माना. त्याला साखरेचा आजार असेल, चारचौघांत सांगायला लाजत असेल. तुमच्या प्रेमाच्या दोन लाडवांनी त्याची वारी अर्ध्यात राहायची.

आणि एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे बहुतेक पिठूळपणाच. चोथा जवळपास नाही, म्हणून भूक लवकर परतते. भाकरी-पिठलं तसं नाही, ते टिकतं. उपवास करा, पण गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. विठोबा तुमच्या चक्कर येऊन पडण्यानं प्रसन्न होत नाही.

शेवटचं. हे कमी खाण्याचं बोलणं भरल्या ताटाला आहे, रिकाम्या पोटाला नाही. घरात सगळ्यांना वाढून जी माय उरलेल्या अर्ध्या भाकरीवर ‘माझं झालं’ म्हणते, तिला हे ऐकवू नका. तिला समोर बसवा आणि आधी वाढा. आपण भरलो कधी, हे ज्याला कळलं, त्यालाच शेजारचा भुकेला दिसतो.

बोला, पुंडलीक वरदे हारि विठ्ठल!