उकलून आणलेली घरे



मागच्या महिन्यात आम्ही करमाळ्याकडची चौदा माणसे मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला जाऊन आलो. सोलापुरात गाडीत बसलो ते थेट तिथे उतरलो. शहराच्या दक्षिणेला, समुद्राच्या कडेकडेने, बसने तासाभरावर मुट्टुकाडू गाव आहे. तिथे ‘दक्षिणचित्र’ म्हणून घरांचे एक गाव वसवले आहे. त्याची हकीकत सांगतो.

दहा एकर जागा आहे. तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्र या मुलखांतली १८ जुन्या वळणाची घरे तिथे उभी आहेत. बहुतेक घरे इंग्रजी अमदानीतल्या काळची. मद्रासच्या एका संस्थेने हे काम केले. १९९६ साली ते लोकांना खुले झाले. मांडणी लॉरी बेकर यांची. हे गृहस्थ विलायतेत जन्मले, पण केरळात राहिले आणि गरिबाला परवडतील अशी घरे बांधत गेले.

केरळातले एक घर सगळे लाकडाचे आहे. भिंतीसुद्धा लाकडाच्या. धान्याची खोली घराच्या पोटात, जसे आपले बळद. आंध्रातले एक घर गोल आहे. आमच्यातल्या एकाने विचारले, “गोल कशापायी?” माहिती देणारी बाई म्हणाली, समुद्रावरून वादळ येते. वाऱ्याला कोपरा सापडला की तो घराला धक्का देतो. गोल घरावरून तो घसरून जातो.

पण आमचे पाय अडले ते इलकलच्या विणकराच्या घरापाशी. दगडी भिंती, सपाट माळवद. ज्या गावचे इरकली लुगडे आपल्या आयाबहिणी नेसत आल्या, तिथले हे घर. आमच्याबरोबरच्या काकू उंबऱ्यावर टेकल्या त्या उठेचनात. शेवटी म्हणाल्या, “ह्यातली माणसं कुठं गेली?”

त्या बाईने जुनी घरे कशी आणतात ते सांगितले. घर पडायला आले, की विकत घ्यायचे. खांब, तुळया, दारे यांवर खुणा करायच्या. सांधे सोडवायचे, गाडीत भरायचे आणि नव्या जागी खुणेवर खूण जुळवून उभे करायचे. माणसांचे मात्र ती काही सांगू शकली नाही.

रात्री आम्ही तिथल्याच पाहुण्यांच्या खोल्यांत राहिलो. संध्याकाळी बघायला आलेली माणसे निघून गेली. मग सगळे सामसूम. आम्ही बाहेर ओट्यावर बसलो. समुद्राचा वारा येत होता. एवढी घरे, पण एकाही चुलीचा धूर नाही, गोठ्यात जनावर नाही. खरे सांगायचे तर आम्हांला जरा भकास वाटले. झाडलोट मात्र आपल्यापेक्षा चांगली, हे कबूल केले पाहिजे.

मग काकू बोलू लागल्या. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. भीमेच्या काठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली, त्यांत आमचेही गेले. तेव्हा काकूंच्या सासऱ्यांनी घराचे माळवद उतरवले. पांढरी माती तिथेच राहिली. सुताराने तुळयांवर पटाशीने एक रेघ, दोन रेघा अशा खुणा पाडल्या. बैलगाड्यांनी लाकूड माळावर आणले आणि नव्या गावठाणात तेच घर पुन्हा उभे केले. ना संस्था, ना पैसा. पाणी चढत होते.

ते घर अजून आहे. पण काकूंचे मुलगे ते पाडून स्लॅबचे बांधणार आहेत. त्यांचे चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. दर उन्हाळ्यात माळवदावर माती टाकायची कुणी? गळते तेव्हा रात्रभर भांडी मांडावी लागतात. काकूंनाही ते कळते.

परत आल्यावर आम्ही त्या घरात टेप घेऊन गेलो. खण किती, कोनाडे किती, दाराची उंची किती, सगळे मोजले. वर्गात शिकलेल्या दोघींनी ते वहीत लिहिले. तुळयांवरच्या रेघाही तशाच काढून घेतल्या. चौथ्या तुळईवर चार रेघा आहेत, पाचवीवर सुताराने फुली मारली आहे. ती का, ते काकूंना आठवत नाही. त्या सुताराचा नातू जेऊरला असतो. येत्या रविवारी त्याच्याकडे जायचे ठरले आहे. दिवाळीनंतर घर उतरवणार आहेत.