बिगुलाचे पाच आवाज

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या शाळेत बॅण्ड पथक होतं. एक मोठा ड्रम, चार साइड ड्रम, झांजांची जोडी, सात-आठ बासऱ्या आणि दोन बिगुल. पांढरा सदरा, पांढरी पॅण्ट, गळ्यात लाल रुमाल. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला प्रभातफेरी निघाली की पुढे आम्ही आणि मागे सगळी शाळा. ही १९८० च्या दशकातली गोष्ट.

मला हवा होता ड्रम. मिळाला बिगुल, कारण जुना बिगुलवाला दहावी पास होऊन गेला होता आणि बाकीच्या पोरांच्या फुंकरीतून नुसती हवा निघत होती. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले. मिनिटाला १२० पावलं, असा त्यांचा हिशेब. ताल चुकला तर ते रागवत नसत. सगळ्या पथकाला थांबवून पुन्हा शाळेच्या फाटकापासून चालायला लावत. हे रागावण्यापेक्षा वाईट होतं, कारण कोणामुळे परत फिरलो हे सगळ्यांना माहीत असे.

बिगुल हे फार गरीब वाद्य आहे. बासरीसारखी भोकं नाहीत, क्लॅरिओनेटसारख्या चाव्या नाहीत. सूर बदलायचा तो ओठ आवळून किंवा सैल सोडून. वापरायचे आवाज पाच : सा, प, वरचा सा, त्याच्या वरचा ग आणि प. म्हणजे स्वर मोजले तर तीनच. रिषभ नाही, मध्यम नाही. फौजेतल्या उठण्याच्या, जेवणाच्या, झोपण्याच्या सगळ्या हाका याच पाचांतून तयार झाल्या आहेत. मी मात्र हिरमुसलो होतो. पाच आवाजांत काय वाजवणार?

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझे बाबा लग्नाच्या बॅण्डमध्ये क्लॅरिओनेट वाजवत. वरातीत गॅसबत्त्यांच्या उजेडात, पाहुण्यांच्या नाचापुढे उलटं चालत. वाजंत्र्यांची पंगत सगळ्यात शेवटी, तीही मांडवाबाहेर. मी हे पाहिलेलं होतं. शाळेत कोणी विचारलं तर मी सांगायचो, बाबा जिनिंगमध्ये आहेत. ते अर्धं खरं होतं. कापसाच्या हंगामात काही आठवडे ते खरंच जिनात जात. गंमत पाहा, गणवेश घालून रस्त्यावर वाजवणारे आम्ही दोघंही होतो. माझ्या वाजवण्याला टाळ्या पडत आणि त्यांच्यावर वराती ओरडत, ‘जोरात वाजवा रे!’

मी नववीत असताना सरांनी ठरवलं, की ३० जानेवारीला, हुतात्मा दिनी, ‘लास्ट पोस्ट’ वाजवायचं. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे त्या दिवसाचं महत्त्व आमच्या शाळेला वेगळं सांगावं लागत नसे. ‘लास्ट पोस्ट’ म्हणजे फौजेत दिवस संपल्याची हाक, पुढे ती अंत्यसंस्काराला वाजू लागली. सूर तेच पाच, पण लांबच लांब. पथकासोबत चालताना चूक ड्रमच्या आवाजात लपते. इथे मी एकटा, आणि समोर सगळी शाळा गप्प उभी. माझा श्वास अर्ध्यातच संपायचा आणि सूर शेळीसारखा थरथरायचा.

घरामागे सराव करताना बाबांनी ऐकलं. दोन-तीन दिवस काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गालानं काहून फुंकतं बापू? पोटातून सोड.” त्यांनी मला जमिनीवर उताणं झोपवलं, पोटावर जाडजूड वही ठेवली आणि म्हणाले, श्वास घेताना वही वर आली पाहिजे आणि सोडताना हळूहळू खाली गेली पाहिजे, धपकन नाही. आठ दिवस बिगुलाला हात लावू दिला नाही. नंतर एकच सूर, कमी आवाजात, मनात वीस मोजेपर्यंत. हळू वाजवणं हे जोरात वाजवण्यापेक्षा अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं. ज्यांना आयुष्यभर ‘जोरात वाजवा’ हेच ऐकावं लागलं, त्यांच्याकडून कळलं. थंडीत पितळ गार पडलं की सूर उतरतो, म्हणून आधी बिगुलात नुसती ऊब फुंकायची, हेही त्यांचंच.

जाता जाता सांगतो. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून नेमलेल्या झाकिर हुसेन समितीनं जो अभ्यासक्रम आखला, त्यात सूतकताई आणि शेतीबरोबर संगीतही होतं. नयी तालीम म्हटलं की लोकांना फक्त तकली आठवते, म्हणून सांगितलं.

तीस तारखेला अकरा वाजता मी वाजवलं. श्वास पुरला. दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे होते आणि मला फाटकाबाहेर, सायकल धरून उभे असलेले बाबा दिसले. पांगापांग झाल्यावर शेजारच्या ड्रमवाल्यानं विचारलं, “कोण आहे बे तो? तुलेच पाहून राह्यला.” मी म्हणालो, “ओळखीचे आहेत.”

बाबा फाटकाजवळच होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कधीच कळलं नाही. मी विचारलं नाही. रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, “वरचा गंधार थोडा चढला होता. ओठ आवळले तू. घाबरला होता का?”

पुढच्या वर्षी साइड ड्रमचं कातडं फाटलं. सरांनी विचारलं, कोणाच्या ओळखीत बांधणारा आहे का? मी हात वर केला आणि सांगितलं, माझे बाबा बांधतात, ते बॅण्डमध्ये आहेत. वर्गात कोणी हसलं नाही. ड्रमवाला मात्र माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. बाबा आले, ड्रम बांधला, आणि सरांनी त्यांना खुर्ची देऊन क्लॅरिओनेट ऐकवायला सांगितलं. त्यांनी हळू वाजवलं. वरातीत कधीच न ऐकलेलं काहीतरी.

मी नंतर नोकरी केली आणि बाजूनं वाजवत राहिलो. आता निवृत्तीनंतर जानेवारीत एका शाळेत पोरांना बिगुल शिकवतो. उताणं झोपवतो, पोटावर वही ठेवतो. स्वतः वाजवून दाखवताना माझा वरचा गंधार अजूनही चढतो.