बाई, तक्रार मीच केली होती



आज मला एक जुना हिशेब मिटवायचा आहे. नववीत आपण काही जण मुख्याध्यापकांकडे गेलो होतो, आठवतंय? गणिताच्या बाई शिकवत नाहीत, आम्हालाच फळ्यापाशी उभं करतात, अशी तक्रार घेऊन. सगळ्यांच्या पुढे मी होते. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

इंजिनिअरिंगला मला हवे तसे सर मिळाले. सव्वाशे जणांच्या वर्गात ते सुंदर अक्षरात फळा भरायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. सगळं समजतंय असं वाटायचं. पहिल्याच सेमिस्टरला गणितात केटी लागली. घरी फोन करताना घसा कोरडा पडला होता. शाळेत गणितात पहिली येणारी मुलगी ना मी!

मग होस्टेलवर आम्ही चौघी जमिनीवर वह्या पसरून बसू लागलो. एकीने सोडवायचं, तिघींनी अडवायचं. एका रात्री मी ठासून सांगितलं, डेरिव्हेटिव्ह शून्य झाला की तिथे कमाल नाहीतर किमान किंमत असतेच. मैत्रिणीने न बोलता एक्सच्या घनाचा आलेख काढून पुढे सरकवला. शून्यापाशी उतार शून्य, पण ना शिखर ना दरी. रेघ आपली वरच चाललेली. हे माझ्या वहीतही लिहिलेलं होतं. कळलं त्या रात्री.

याला आता 'ॲक्टिव्ह लर्निंग' म्हणतात. अमेरिकन संशोधकांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३४ टक्के मुलं नापास, करून शिकण्याच्या वर्गांत २२. पण मला चटका लावला तो हार्वर्डमधल्या फिजिक्सच्या वर्गांवरच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने. स्वतः सोडवायला लावलेली मुलं चाचणीत पुढे होती, तरी आपण कमी शिकलो असंच त्यांना वाटत होतं. म्हणजे आपलीच तक्रार!

आपल्यातले जे आज कॉलेजात गणित शिकवतात, त्यांना पोर्शन संपवायची घाई असते, मान्य. तरी तासाला एक प्रश्न टाकून पाच मिनिटं शेजाऱ्याशी भांडू द्या. मुलं कुरकुरतील. का करतोय ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

बाई, मुख्याध्यापक तुम्हाला काय म्हणाले ते आम्हाला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात आलात आणि खडू माझ्याच हातात दिलात.