दोष मातीचा नव्हता



आमच्या बचत गटाची खोली बांधायची आहे. मातीची बांधू म्हटलं की आमच्यातल्याच काही जणी विचारतात, "पावसात भिंत खचली तर?" म्हणून आज ॲना हेरिंगर यांची गोष्ट सांगतो.

ॲनाताई जर्मनीच्या. १९९७ साली, वयाच्या १९व्या वर्षी, त्या बांगलादेशातल्या रुद्रपूर गावी आल्या आणि जवळजवळ वर्षभर राहिल्या. पुढे वास्तुकला शिकताना त्यांनी याच गावासाठी शाळेचा आराखडा केला. तिथली मातीची घरं लवकर का खचतात, हे त्यांनी पाहिलं. दोष मातीचा नव्हता. घरांना पायाच नसायचा, जमिनीतली ओल भिंतीत चढायची. त्यांनी विटांचा पाया घातला, त्यावर ओल अडवणारा थर दिला. मग भाताचा पेंढा घालून गुरांकडून तुडवलेल्या चिखलाच्या जाड भिंती, आणि वरचा मजला बांबूचा. २००५ साली गावकऱ्यांनीच ती बांधली. २००७ साली तिला आगा खान पुरस्कार मिळाला. पुढे ॲनाताईंनी परदेशातल्या विद्यापीठांतही शिकवलं.

रुद्रपुरात नंतर आणखी एक मातीची इमारत झाली. तिच्यात खाली अपंगांचं केंद्र आहे आणि वर बायकांचं शिवणकाम चालतं.

सिमेंटचा पैसा गावाबाहेर जातो, चिखल तुडवल्याची मजुरी गावात राहते. आणि लिंपणं-सारवणं तर आपण जन्मभर करतोय, फक्त त्याला कधी कसब म्हटलं नाही.

येत्या बैठकीत आम्ही खोलीचं ठरवणार आहोत. तुमच्याकडे जोत्याची ओल कशी अडवतात, ते आम्हाला जरूर कळवा.